‘डेड’ सेटची नाडी

पॅक-मॅनच्या यंत्रात नाणं टाकलं, स्टार्टचं बटण दाबलं, की चार-पाच सेकंदांची एक धून वाजते. जगभरात कोट्यवधी लोकांच्या ओळखीची ती धून आपल्या समोरच्या यंत्रातून वाजली. जॉयस्टिक डावीकडे ओढली, तर तोंडाची उघडझाप करत ठिपके खात जाण्याचा आवाजही येऊ लागला. पडदा मात्र काळाच राहिला. पेटीच्या आत खेळ रंगला आहे, भुतं पाठलाग करत आहेत, आणि बाहेर उभ्या माणसाला काही दिसत नाही.

आता बॅटरीचा उजेड पडद्यावर तिरका पाडून पाहू. काळ्या काचेमागे चक्रव्यूहाच्या पुसट रेषा दिसू लागतात. वर्षानुवर्षं तेच चित्र एकाच जागी उमटत राहिल्याने पडद्यामागच्या फॉस्फरवर त्याचा कायमचा डाग पडला आहे. हा पडदा कधीकाळी हजारो तास चालला, याचा तो पुरावा.

आपला रुग्ण हाच. टोकियोच्या नामको कंपनीतल्या तोरू इवातानी यांच्या कल्पनेतून पॅक-मॅन १९८० साली जन्माला आला, आणि त्याच वर्षी मिडवे कंपनीने तो अमेरिकेत आणला. मिडवेच्या पेट्यांमध्ये जे रंगीत मॉनिटर बसवले जात, त्यांतला एक गाजलेला मॉनिटर म्हणजे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या इलेक्ट्रोहोम कंपनीचा १९ इंची ‘जी-०७’. पॅक-मॅन, मिस पॅक-मॅन, गॅलागा अशा खेळांच्या हजारो पेट्यांमध्ये तो बसला. आज अमेरिकेत आणि कॅनडात जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याच्यावर हात बसवलेला असतो, म्हणून आपणही त्याच्यावरच शिकू.

आपल्याकडच्या टीव्ही मेकॅनिकच्या भाषेत अशा सेटला ‘डेड’ म्हणतात. पण डेड हे तक्रारीचं नाव आहे, रोगाचं नव्हे. पोटात दुखतंय एवढ्यावर वैद्य औषध देत नाही, आधी नाडी बघतो. बंद पडलेल्या मॉनिटरलाही नाडी असते. ती कुठे बघायची आणि कोणत्या क्रमाने, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी ठरवा, आजारी कोण आहे?

पेटीत दोन वेगळी यंत्रं नांदत असतात. एक खेळाचा बोर्ड. त्यात झेड-८० प्रोसेसर असतो आणि तो खेळाचे नियम चालवतो. दुसरं यंत्र म्हणजे मॉनिटर. दोघांमध्ये मोजक्याच तारा असतात : लाल, हिरवा, निळा, ग्राउंड आणि चित्राचा ताल जुळवणारी सिंक. मॉनिटरला लागणारी वीज या तारांमधून येत नाही. ती पेटीच्या तळाशी असलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून, स्वतंत्र फ्यूजमधून, वेगळ्या वाटेने येते.

म्हणून पहिली चाचणी नाण्याची. कुणी खेळत नसताना पॅक-मॅन गप्प असतो, त्यामुळे नुसतं चालू करून ‘आवाज नाही, म्हणजे बोर्डही गेला’ असं ठरवू नये. नाणं टाकावं, बटण दाबावं, ऐकावं. धून वाजली, तर बोर्ड आणि त्याचा वीजपुरवठा दोन्ही बहुतेक ठीक आहेत.

दुसरी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जी-०७सारखा मॉनिटर उजळायला खेळाची गरजच नसते. सिंकची तार काढून टाकली, तरी त्याचा हॉरिझॉन्टल ऑसिलेटर आपल्या चालीने चालू राहतो, उच्च दाबाची वीज तयार होते, ट्यूब तापते. बोर्ड बिघडला, तर पडद्यावर काहीतरी अस्ताव्यस्त दिसेल, किंवा काळ्या पडद्यामागे ट्यूबची मान तरी लालसर दिसेल. मान थंड असेल, तर संशय बोर्डावरून उठतो आणि मॉनिटरवर किंवा त्याच्या वीजवाटेवर येतो.

याला एक अपवाद आहे. १९७९ सालचा ॲस्टेरॉइड्स किंवा १९८१ सालचा टेम्पेस्ट अशा खेळांमध्ये व्हेक्टर मॉनिटर असे. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत ओळीओळीने पडदा झाडत नाही, खेळाचा बोर्ड सांगेल तशी रेघ ओढतो. बोर्डाकडून हुकूम आलाच नाही, तर झोत एका जागी थांबेल आणि तिथला फॉस्फर जाळून टाकेल. म्हणून टेम्पेस्टमधल्या वेल्स-गार्डनर ६१०० या मॉनिटरमध्ये ‘स्पॉट किलर’ नावाचं सर्किट आहे. हालचाल थांबली, की ते झोत बंद करतं आणि मॉनिटरच्या स्वतःच्या बोर्डावरचा लाल दिवा लावतं. अशा यंत्राचा काळा पडदा पाहून मॉनिटरला दोष देणं चूक ठरू शकतं. त्याने स्वतःचा जीव वाचवलेला असतो.

हात घालण्याआधी

या भागाला घाई चालत नाही. पिक्चर ट्यूबच्या आत, पडद्याला लागून असलेल्या आवरणावर सुमारे वीस हजार व्होल्ट असतात. ट्यूबच्या आतून एक वाहक लेप असतो, बाहेरून ग्रॅफाइटचा काळा लेप असतो आणि मध्ये काच. दोन वाहक, मध्ये विद्युतरोधक. शाळेत विजेच्या धड्यात लायडन जार शिकवतात, तोच हा. म्हणजे पिक्चर ट्यूब हाच एक मोठा कंडेन्सर आहे, आणि वायर उपसली तरी त्यातला भार तसाच राहू शकतो.

तो काढायची रीत ठरलेली आहे. यंत्र बंद करायचं, वायर उपसायची. चांगल्या इन्सुलेशनच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या दांडीला एक तार जोडून तिचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीला किंवा धातूच्या चौकटीला लावायचं. मग ट्यूबच्या अंगाला चिकटलेल्या रबरी टोपीखाली स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सरकवायचं. बहुधा ‘चट्’ असा आवाज येतो. काही मिनिटांनी हेच पुन्हा करायचं, कारण काचेत मुरलेला भार हळूहळू परत वर येतो. हे करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून झटका बसलाच, तर तो छातीतून आरपार जाणार नाही. अंगठी, घड्याळ, कडं बाजूला काढून ठेवायचं. आणि असं काम एकट्याने करायचं नाही.

पॉवर सप्लायच्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरमध्येही भार उरतो. त्याचा धक्का ट्यूबपेक्षा जास्त घातक ठरू शकतो, कारण तो प्रवाह भरपूर देतो. ट्यूबची मान तर अंड्याच्या टरफलासारखी जपायची. आत निर्वात पोकळी आहे. कोपर लागून मान मोडली, की ट्यूब गेली.

या मॉनिटरला थेट घरच्या लाइनची वीज कधीही द्यायची नसते. जी-०७ला अमेरिकेतली १२० व्होल्टची वीज लागते, पण ती आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरमधून आलेली असावी लागते. पेटीत तो असतोच. मॉनिटर बाहेर टेबलावर काढून तपासायचा असेल, तर तिथेही तो हवाच. नाहीतर मॉनिटरच्या धातूच्या सांगाड्यावरच लाइन उतरू शकते.

पेटीचं मागचं दार उघडलं, की वीज तोडणारा एक सुरक्षा स्विच या यंत्रांमध्ये असतो. अख्खी पेटीच डेड असेल, तर हा स्विच आणि तळाचे फ्यूज आधी पाहावेत. दार नीट न लागल्यामुळे बंद राहिलेल्या यंत्राचा बोर्ड उगाच खोलून बसण्याची वेळ येऊ नये.

पाटाचं पाणी कुठे अडलं?

शेताच्या टोकाला पाणी पोहोचलं नाही, तर शेतकरी पिकाला दोष देत नाही. तो पाटाच्या कडेने उलटा चालू लागतो. इथे ओल आहे का? इथे? बांध कुठे फुटला? चालण्याचे कष्ट वाचवायचे असतील, तर थेट मध्यावर जाऊन बघतो. तिथे पाणी असेल तर फुटलेली जागा पुढे आहे, नसेल तर मागे. एका नजरेत अर्धा पाट निकालात निघतो.

मॉनिटरमधली वीजही अशीच एका पाटातून वाहते. ट्रान्सफॉर्मरमधून १२० व्होल्टची आलटती वीज येते, फ्यूज ओलांडते. चार डायोडचा ब्रिज तिला एका दिशेला वळवतो आणि फिल्टर कंडेन्सर तिच्यातल्या लाटा शांत करतो. तिथे सुमारे १६० व्होल्ट डीसी मिळतात. पुढे रेग्युलेटर ते नेमके १२०वर आणतो. या १२० व्होल्टना ‘बी प्लस’ म्हणतात. आपले मेकॅनिक याला नुसतं ‘मेन सप्लाय’ही म्हणतात.

बी प्लस पुढे जातो तो हॉरिझॉन्टल विभागात, म्हणजे मॉनिटरच्या हृदयात. ऑसिलेटर सेकंदाला सुमारे सोळा हजार ठोके देतो. ड्राइव्हर ट्रान्झिस्टर त्यांना बळ देतो, आणि हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर त्या तालावर फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरमधला प्रवाह चालू-बंद करतो. फ्लायबॅक म्हणजे आपल्याकडे मेकॅनिक ज्याला ‘ईएचटी’ किंवा ‘एलओटी’ म्हणतात, तोच जाड काळा ठोकळा आणि त्यातून निघणारी लाल जाड वायर. प्रवाह एकदम तोडला, की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि व्होल्टेजची मोठी उसळी येते. त्या उसळीतून वीस हजार व्होल्ट तयार होतात. फोकसचे काही हजार आणि स्क्रीनचे काही शे व्होल्टही तिथूनच मिळतात.

आणि जी-०७मध्ये आणखी एक गोष्ट याच फ्लायबॅकमधून निघते : ट्यूबच्या हीटरची वीज. ट्यूबच्या मानेत एक बारीक तार तापते आणि कॅथोडला इलेक्ट्रॉन सोडायला लावते. ती तार उजळायची, तर फ्यूज, ब्रिज, रेग्युलेटर, ऑसिलेटर, ड्राइव्हर, आउटपुट ट्रान्झिस्टर आणि फ्लायबॅक या सगळ्यांनी आपापलं काम केलेलं असावं लागतं. पाटाच्या टोकाला एक पणती ठेवल्यासारखं हे आहे. खोलीतला दिवा मालवून ट्यूबच्या मानेत पाहायचं. नारिंगी ठिपका दिसला, तर पाट शेवटापर्यंत वाहतो आहे. अंधार असेल, तर तो वरच्या बाजूला कुठेतरी अडला आहे. मीटर हातात घेण्याआधी, एका नजरेत, अर्धं निदान झालं.

कान, त्वचा आणि नाक

इंद्रियांकडून आणखीही साक्ष मिळते. लहानपणी घरचा टीव्ही लावताक्षणी एक बारीक किणकिण ऐकू यायची. वयस्कर माणसांना ती ऐकू येत नसे, पोरांना मात्र शेजारच्या खोलीतूनही टीव्ही चालू झाल्याचं कळे. भारतातल्या टीव्हीत झोत सेकंदाला १५,६२५ ओळी झाडत असे. त्या तालावर फ्लायबॅकचा गाभा कंप पावे, त्याचा तो आवाज. आर्केड मॉनिटरमध्येही तो असतो. किणकिण ऐकू आली, म्हणजे हृदय धडधडतं आहे.

टीव्हीच्या काचेजवळ हात नेला, की अंगावरचे बारीक केस उभे राहत, कागदाचा कपटा चिकटे. तो उच्च दाबाचा परिणाम होता. मॉनिटर चालू करताना आणि बंद करताना पुढच्या काचेजवळ मनगट धरावं. केसांना गुदगुली झाली, तर वीस हजार व्होल्ट तयार होत आहेत.

एकच बारीक ‘टक्’ होऊन सगळं शांत झालं, किंवा टक्-टक्-टक् असा आवाज येत राहिला, तर पाट वाहायचा प्रयत्न करतो आहे आणि कुणीतरी त्याला अडवतं आहे. पुढे कुठेतरी शॉर्ट असेल, किंवा दाब प्रमाणाबाहेर चढल्याने संरक्षक सर्किट मॉनिटर बंद करत असेल. हे सर्किट आलं त्याला इतिहास आहे. १९६७ साली अमेरिकेत काही मोठ्या रंगीत टीव्हींमधून मर्यादेपेक्षा जास्त क्ष-किरण बाहेर पडत असल्याचं आढळलं आणि पुढच्याच वर्षी तिथे किरणोत्सर्ग नियंत्रणाचा कायदा झाला. ट्यूबवरचा दाब जितका जास्त, तितका क्ष-किरणांचा धोका जास्त. म्हणून हे संरक्षण निकामी करून सेट ‘चालू करून देणं’ ही दुरुस्ती नव्हे.

नाकाचाही उपयोग आहे. जळक्या रेझिस्टरचा वास वेगळा, ओझोनचा तिखट वास वेगळा. ओझोन म्हणजे उच्च दाब कुठून तरी हवेत निसटतो आहे. आणि उडालेला काचेचा फ्यूज बारकाईने पाहावा. आतली तार मध्ये हळूच वितळून तुटली असेल, तर भार थोडासाच जास्त झाला होता, किंवा फ्यूज वयानेच गेला. काच आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर प्रवाहाचा मोठा लोंढा आला होता. मग पुढे कुठेतरी सरळ शॉर्ट आहे हे गृहीत धरूनच चालायचं. अशा वेळी नवा फ्यूज टाकून ‘बघू या काय होतं’ असं करणाऱ्याचे फ्यूज संपतात, दोष मात्र तिथेच राहतो. जास्त अँपिअरचा फ्यूज टाकणं तर धोक्याचंच.

आता मीटर

मान काळी आहे, किणकिण नाही, केस उभे राहत नाहीत. आता पाटाच्या मध्यावर जाऊ. मध्य म्हणजे बी प्लस.

वीज तोडून, ट्यूब आणि फिल्टर कंडेन्सर दोन्ही डिस्चार्ज करून आधी फ्यूज तपासायचे. नुसत्या नजरेने नव्हे. फ्यूज जागेवरून काढून कंटिन्युटी बघायची, कारण जागेवर असताना मीटर दुसऱ्याच वाटेने फसवू शकतो. फ्यूजच्या गंजलेल्या क्लिपाही घासून घ्याव्यात. चाळीस वर्षांच्या यंत्रात फ्यूज चांगला आणि क्लिप निकामी, असं पुष्कळदा होतं.

मग आउटपुट ट्रान्झिस्टर. जी-०७मध्ये तो २एसडी८७० नंबरचा, धातूच्या टोपीचा, हीटसिंकवर बसवलेला असतो. त्याची धातूची टोपी म्हणजेच कलेक्टर. कलेक्टर आणि एमिटर यांच्यात दोन्ही दिशांनी जवळपास शून्य ओहम दाखवले, तर तो शॉर्ट झाला आहे. इथे नवशिक्याची एक चूक ठरलेली असते. या ट्रान्झिस्टरच्या पोटात एक डॅम्पर डायोड आणि बेस-एमिटरमध्ये एक छोटा रेझिस्टर आधीच बसवलेला असतो. त्यामुळे बेस आणि एमिटरमध्ये मीटर काही दहा ओहम दाखवतो, आणि कलेक्टर-एमिटरमध्ये एका दिशेने डायोड दिसतो. साध्या ट्रान्झिस्टरच्या हिशोबाने पाहणारा चांगला ट्रान्झिस्टरही ‘गेला’ म्हणून फेकून देतो. बोर्डावर मोजताना शंका आली, तर तो काढून बाहेर मोजावा. परत बसवताना त्याच्याखालचा अभ्रकाचा तुकडा विसरू नये. ट्रान्झिस्टरची उष्णता हीटसिंकला जावी पण वीज जाऊ नये, हे काम तो पापुद्रा करतो.

ट्रान्झिस्टर चांगला निघाला आणि फ्यूजही शाबूत असेल, तर वीज देऊन बी प्लस मोजायचा. मीटरची काळी पिन मॉनिटरच्या स्वतःच्या ग्राउंडला लावायची. तीन उत्तरं मिळू शकतात. बी प्लस नाहीच, तर दोष मागे आहे : ब्रिज, रेग्युलेटर, एखादा उघडा पडलेला रेझिस्टर. नेमके १२० आहेत, तर दोष पुढे आहे : ऑसिलेटर चालत नाही, किंवा ड्राइव्हरचा ठोका आउटपुटच्या बेसपर्यंत पोहोचत नाही. आणि मीटरने १६०च्या आसपास दाखवले, तर रेग्युलेटर शॉर्ट होऊन बिनलगामी दाब पुढे सोडतो आहे. चालू सेटमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला साध्या मीटरची पिन कधीही लावायची नाही. तिथे हजार व्होल्टच्या घरातल्या उसळ्या असतात.

बी प्लस आहे पण ठोका नाही, अशा वेळी पहिला संशय सोल्डरवर घ्यावा. भिंगातून पाहिलं, तर कनेक्टरच्या पिना, ड्राइव्हर ट्रान्सफॉर्मर आणि फ्लायबॅकचे पाय यांच्याभोवती केसाएवढी गोल चीर दिसते. हा ‘ड्राय सोल्डर’. हजारो वेळा तापून आणि निवून धातूने आपली पकड सोडलेली असते. जुना टिनाचा थर पंपाने ओढून घेऊन तिथे नवा सोल्डर भरावा. पाच मिनिटांच्या या कामाने कितीतरी ‘डेड’ मॉनिटर जागे झाले आहेत.

मारेकरी वेगळाच असतो

समजा, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाला. आता खरा प्रश्न सुरू होतो. ट्रान्झिस्टर मेला, पण त्याला मारलं कुणी? नवा बसवून सेट चालू केला आणि तोही क्षणात गेला, हा अनुभव प्रत्येक मेकॅनिकने एकदा तरी घेतलेला असतो. हे सुटे भाग आता नव्याने बनत नाहीत. जुन्या साठ्यातला एक ट्रान्झिस्टर असा वाया घालवणं महाग पडतं.

मोठा संशयित म्हणजे फ्लायबॅक. त्याच्या आत केसाएवढ्या तारेचे शेकडो वेढे असतात. दोन शेजारच्या वेढ्यांमधलं इन्सुलेशन वयाने जळलं, तर ते दोन वेढे एकमेकांना चिकटतात आणि सगळी ऊर्जा खाऊन टाकतात. साध्या मीटरला हे कळत नाही, कारण शेकडो वेढ्यांतल्या एका वेढ्याने एकूण ओहममध्ये नगण्य फरक पडतो. त्यासाठी ‘रिंग टेस्ट’ लागते. कॉइलला विजेचा एक बारीक टोला द्यायचा आणि ती किती वेळा कंप पावते ते बघायचं. मडकं घेताना आपण टिचकी मारतो ना, तेच हे. पक्कं मडकं खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. चांगला फ्लायबॅक अनेकदा कंप पावून हळूहळू शांत होतो, शॉर्ट वेढा असलेला एक-दोन कंपनांतच थांबतो.

दुसरा संशयित रेग्युलेटर. त्याने दाब जास्त सोडला, तर आउटपुट ट्रान्झिस्टरवर येणारी उसळी त्याच्या ताकदीबाहेर जाते. तिसरे संशयित म्हणजे वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्यांच्या पोटातला द्रव चाळीस वर्षांत सुकतो, ड्राइव्हरचा ठोका पुरेसा पडत नाही, आणि आउटपुट ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून तापतो. म्हणून पुष्कळ जण आल्या-आल्या सगळे कंडेन्सर बदलतात. जुन्या मॉनिटरच्या दीर्घ आयुष्यासाठी ते चांगलंच आहे, पण त्याला निदान समजू नये. वीस भाग एकदम बदलले आणि त्यात एकाची उलटी पोलॅरिटी लागली, तर मूळ दोषाच्या जोडीला नवा दोष येतो आणि दोन्ही ओळखेनासे होतात. आधी जुना दोष सापडू द्यावा, मग कंडेन्सर बदलावेत.

नव्या ट्रान्झिस्टरला पहिल्या चाचणीत वाचवणारी युक्ती आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक आहे : सिरीज लॅम्प. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीच्या टेबलावर होल्डरमध्ये लटकणारा पिवळा बल्ब म्हणजे तोच. अमेरिकेतले दुरुस्ती करणारेही हेच करतात. मॉनिटरच्या वाटेवर साठ ते शंभर वॉटचा तारेचा जुना बल्ब सिरीजमध्ये जोडतात. थंड तारेचा रोध कमी असतो, तापली की तो कित्येक पट वाढतो. मॉनिटरमध्ये शॉर्ट असेल, तर बल्ब लख्ख पेटतो, सगळा प्रवाह स्वतःवर झेलतो आणि ट्रान्झिस्टर वाचतो. शॉर्ट नसेल, तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. एलईडीच्या बल्बला हे जमत नाही, कारण त्याच्यात तापणारी तार नसते.

आणखी काळजी घ्यायची, तर आउटपुट ट्रान्झिस्टर काढूनच ठेवायचा आणि बी प्लस ते ग्राउंड एक बल्ब भार म्हणून जोडायचा. रेग्युलेटर त्या भाराखाली १२० व्होल्ट धरून ठेवतो का, हे इथेच कळतं. तो धरत असेल, तरच पुढे जायचं.

नाडी लागते, पण डोळे उघडत नाहीत

आता दुसरा रुग्ण. मान नारिंगी आहे, किणकिण आहे, केस उभे राहतात, तरी पडदा काळा. पाटाने पाणी आलं, पण पिकापर्यंत गेलं नाही. अशा वेळी फ्लायबॅकवरचा ‘स्क्रीन’ लिहिलेला नॉब हळूच वाढवून बघावा. परतीच्या तिरक्या रेषांसह पडदा उजळला, तर ट्यूब चांगली आहे आणि दोष व्हिडिओच्या वाटेवर आहे : मानेवरचा बोर्ड, त्याचे ट्रान्झिस्टर, किंवा खेळाकडून येणाऱ्या रंगाच्या तारा. काहीच उजळलं नाही, तर ट्यूबच्या सॉकेटपर्यंत स्क्रीनचे व्होल्ट पोहोचतात का, ते पाहावं. नॉबची मूळ जागा आधी खूण करून ठेवावी.

पडद्यावर एकच झळाळती रेघ उरली असेल, तर उभ्या दिशेने झोत हलवणारा व्हर्टिकल विभाग बंद पडला आहे. पण पॅक-मॅनमध्ये ही रेघ उभी दिसते. कारण या पेटीत मॉनिटर आडवा टाकलेला असतो. २२४ बाय २८८ ठिपक्यांच्या उभट चक्रव्यूहासाठी टीव्हीचा पडदा एका अंगावर झोपवला आहे. हे ध्यानात न घेता निदान केलं, तर व्हर्टिकलचा दोष हॉरिझॉन्टलमध्ये शोधत दिवस जातो. रेघ दिसताच ब्राइटनेस कमी करावा, नाहीतर ती रेघही चक्रव्यूहासारखी कायमची डागून राहील.

आणि मानेत जांभळा उजेड दिसला, किंवा काही ट्यूबांमध्ये काचेच्या आत दिसणारा चंदेरी आरसा दुधासारखा पांढरा पडला असेल, तर हवा आत शिरली आहे. तो चंदेरी थर बेरियमचा असतो. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी तो तिथे ठेवलेला असतो, आणि हवेचा लोंढा आला, की पांढरा पडतो. हा दोष असा आहे, की मेकॅनिकने हत्यारं खाली ठेवावीत.

जे पुन्हा बनणार नाही

बाकी बहुतेक दोषांवर इलाज आहे. ट्रान्झिस्टरला पर्याय मिळतो, कंडेन्सर नवे मिळतात, फ्लायबॅकही शोधला तर सापडतो. अशी ट्यूब मात्र आता कुणी बनवत नाही. या उद्योगाच्या अखेरच्या काळाशी महाराष्ट्राचं एक नातं आहे. २००५ साली तेव्हाच्या औरंगाबादमध्ये वाढलेल्या व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्यात होते. पण तोपर्यंत सपाट पडद्यांची लाट दारात आली होती, आणि पुढे काचेची ट्यूब जगभरच्या बाजारातून हद्दपार होत गेली. आज प्रत्येक चालू ट्यूब म्हणजे शिल्लक साठ्यातली एक. एकीची मान निष्काळजीपणाने मोडली, की तो साठा एकाने कमी होतो. क्रमाने, न घाबरता आणि न घाई करता तपासण्याचा आग्रह मी एवढ्यासाठीच धरतो.

आता आपला पॅक-मॅन पुन्हा चालू करू. सिरीज लॅम्प चमकतो आणि मंद होतो. मानेत नारिंगी ठिपका हळूहळू उजळतो. बारीक किणकिण सुरू होते. पडद्यावर आधी धुरकट, मग स्पष्ट निळ्या भिंती उभ्या राहतात. बल्ब काढून पूर्ण वीज द्यायची, बी प्लस मोजायचा, १२० आहे ना ते बघायचं. मग चित्राची रुंदी आणि जागा जुळवायची. त्यासाठी टेस्ट पॅटर्न शोधायला नको. नव्या चित्राच्या निळ्या रेषा जुन्या डागावर अचूक बसल्या, म्हणजे मॉनिटर कारखान्यातून निघाला तेव्हा होता त्याच जागी परत आला.

शेवटचं काम पेन्सिलचं. पेटीच्या आतल्या लाकडावर तारीख लिहायची, कोणता भाग गेला होता, तो का गेला होता, आणि आज बी प्लस किती होता, तेही लिहायचं. दहा वर्षांनी हे दार कुणीतरी पुन्हा उघडेल. त्याला नाडी बघायला आपली ओळ सापडली पाहिजे.